ध्यानात उजेड दिसला म्हणजे बोधी झाली असं नाही : साधकांनो, या चुका टाळा

गेली चौदा वर्षं दर रविवारी सकाळी सहाला आमच्या विहारात आम्ही दहा-पंधरा जण आनापानाला, म्हणजे श्वास पाहण्याच्या ध्यानाला, बसतो. वंदना, मग तासभर बैठक, मग चहा. चहाच्या वेळी नवे साधक जे सांगतात ते ऐकून ऐकून माझं एक मत पक्कं झालं आहे. अडचण श्वासात नसते, पायाला येणाऱ्या मुंग्यांतही नसते. मनाची एखादी अवस्था येते आणि माणूस तिथेच बिऱ्हाड थाटतो, खरी अडचण ती आहे. अवस्था येणार आणि जाणार. भगवंत बुद्धांनी हेच पाहायला सांगितलं होतं, आणि नेमकं हेच पाहायचं राहून जातं.

आलेल्या अवस्थेला प्राप्ती समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही.

चोपडा तालुक्यातला एक तरुण आमच्याकडे यायचा. घरची केळी, वडील वारलेले, आई आणि तो. दहा दिवसांचं शिबिर करून आला आणि घरी रोज चार-पाच तास बसू लागला. दोन महिन्यांनी मला म्हणाला, "आप्पा, डोळे मिटले की पांढराशुभ्र उजेड पडतो. शरीर आहे की नाही तेच कळत नाही. आता मला रागच येत नाही. मी स्रोतापन्न झालो." स्रोतापन्न म्हणजे मुक्तीच्या वाटेवरची पहिली पायरी गाठलेला. हा शब्द त्याने मोबाइलवर कुठेतरी वाचला होता. त्याच दिवशी मी त्याला थांबवायला हवं होतं. पण आपल्यासोबत बसणाऱ्या पोराला काहीतरी गवसलं, याचं मला बरं वाटलं आणि मी गप्प राहिलो. ती चूक माझी.

मेच्या अखेरीस वादळ आलं. ज्यांनी केळीचा बाग पाहिला आहे त्यांना माहीत आहे, घड लागलेलं झाड वाऱ्यापुढे टिकत नाही. अर्ध्या तासात दीड एकर आडवा झाला. आई एकटी पावसात बांधावर उभी, आणि हा ओसरीत मांडी घालून बसलेला. ती ओरडली, "केयी आडी पडी गयी, अन तू डोया मिटीसन बठेल शे?" याने डोळे न उघडता उत्तर दिलं, "आई, सगळं अनित्य आहे."

रात्री तिचा मला फोन आला. ती रडत होती, आणि ती केळीसाठी रडत नव्हती.

सकाळी मोटारसायकल काढून गेलो. जाताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. पाचव्या शतकात बुद्धघोष या भिक्खूंनी श्रीलंकेत बसून विशुद्धिमग्ग हा साधनेवरचा ग्रंथ लिहिला. त्यात विपश्यनेच्या वाटेवरचे दहा उपक्लेश, म्हणजे साधकाला भुलवणाऱ्या गोष्टी, सांगितले आहेत. यादीतला पहिलाच आहे ओभास, म्हणजे उजेड. पुढे ज्ञान, प्रीती (आनंदाची लहर), प्रश्रब्धी (मन-शरीर निवणं), सुख, श्रद्धेचा जोर, उत्साह, तीक्ष्ण स्मृती, उपेक्षा (इथे दुर्लक्ष नव्हे, मनाचा समतोल). यातल्या नऊ गोष्टी मुळात वाईट नाहीत. बैठक नीट होऊ लागली की त्या येतात. दहावी आहे निकंती, म्हणजे त्या नवांबद्दलची बारीकशी गोडी. "हेच ते, मला मिळालं" असं म्हणायला लावते ती हीच. सोळा शतकांपूर्वी एका भिक्खूने जो खड्डा दाखवून ठेवला, त्यात चोपड्याचं पोरगं पडलं होतं आणि मी काठावर उभा राहून कौतुक करत होतो.

स्रोतापन्न होणं म्हणजे काय हेही स्पष्ट सांगितलेलं आहे. दहा संयोजनांपैकी, म्हणजे मनाच्या बंधनांपैकी, पहिली तीन तुटतात: सक्कायदिट्ठी, म्हणजे या देह-मनात पक्का 'मी' आहे ही समजूत, विचिकिच्छा, म्हणजे मार्गाबद्दलची शंका, आणि सीलब्बतपरामास, म्हणजे नुसत्या व्रतवैकल्यांनी सुटका होते हा भ्रम. यात उजेड कुठेही नाही. 'मी स्रोतापन्न झालो' या वाक्यात तर तो 'मी' ठणठणीत जिवंत आहे.

आणि उपेक्षा? तिचा जवळचा शत्रू म्हणजे अजाण बेपर्वाई, असं बुद्धघोषच सांगतात. जवळचा अशासाठी की बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. आई पावसात उभी असताना ज्याचं मन हलत नाही, त्याच्याकडे उपेक्षा नाही. करुणा सोबत नसेल तर ती उपेक्षा नव्हेच.

मी त्याला एवढंच सांगितलं: महिनाभर बसणं बंद. पडलेले घड काप, बाग साफ कर, तलाठी पंचनाम्याला येईल तेव्हा आईसोबत उभा राहा. आणि काम करताना चित्तानुपश्यना कर, म्हणजे मनाकडे नुसतं पाहा, जशी ती सतिपट्ठान सुत्तात, भगवंतांच्या सजगतेवरच्या उपदेशात, सांगितली आहे. तिथे चित्ताच्या सोळा अवस्था जोडीजोडीने दिल्या आहेत: सराग आणि वीतराग (इथे राग म्हणजे आसक्ती), सद्वेष आणि वीतद्वेष, आक्रसलेलं आणि विखुरलेलं, अशा. यादीत विमुक्त चित्त आहे आणि अविमुक्तही. सद्वेष चित्त आलं तर 'हे सद्वेष आहे' एवढंच जाणायचं. त्याला हाकलायचं नाही, सजवायचंही नाही.

तिसऱ्या दिवशी व्यापारी आला आणि पडलेल्या केळीला मातीमोल भाव सांगितला. ज्याला राग येत नव्हता तो त्याच्या अंगावर धावून गेला. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बराच वेळ रडला. त्याची साधना तिथून सुरू झाली, असं मी मानतो. अजूनही येतो. उजेडाबद्दल बोलत नाही, आईबद्दल बोलतो.

तेव्हापासून कुणी मोठा अनुभव सांगितला की मी एकच विचारतो: काल घरात कुणाशी कसं बोललास?

घाई करणाऱ्यांना आणखी एक सांगतो. सिद्धार्थ गौतम आलार कालामांकडे शिकले आणि आकिंचन्यायतनापर्यंत, म्हणजे 'काहीच नाही' या ध्यानावस्थेपर्यंत, पोहोचले. उद्दक रामपुत्तांकडे त्याहून सूक्ष्म, नैवसंज्ञानासंज्ञायतनापर्यंत गेले, जिथे जाणीव आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही. आलारांनी त्यांना बरोबरीचा मान दिला, उद्दकांनी तर आचार्यांच्या जागी बसवलं, आणि तरी ते उठून निघाले, कारण त्या अवस्था कितीही उंच असल्या तरी निर्वाण नव्हत्या. आपण दहा दिवसांत पाहिलेल्या उजेडापाशी थांबायचं का?

सगळ्या मनांना एकच औषध

ही चूक मी स्वतः दोन वर्षं केली. दुपारी जेवून, भरीत-भाकरी पोटात, बाहेर भुसावळचं ऊन, आत कूलर, आणि मी ध्यानाला. मन शांत, विचार नाहीत, तास कधी गेला कळायचं नाही. मला वाटायचं समाधी लागते. ते होतं थीनमिद्ध, पाच नीवरणांपैकी, म्हणजे ध्यानातल्या अडथळ्यांपैकी, तिसरं: मनाची जडता आणि झापड. सुत्तात त्याला शेवाळाने झाकलेल्या पाण्याची उपमा आहे. पाणी हलत नाही हे खरं, पण त्यात तोंडही दिसत नाही. एका भन्तेंनी (भिक्खूंनी) मला विचारलं, "तासाभरात किती श्वास जाणले?" मला एकही सांगता आला नाही.

संयुत्त निकाय या सुत्तसंग्रहात अग्नीचं सुत्त आहे, ते प्रत्येक साधकाने वाचावं. विस्तव मंद झाला असेल आणि तुम्ही त्यावर ओलं गवत, ओलं शेण, ओली लाकडं टाकली, तर तो पेटेल का? म्हणून मन जड असताना प्रश्रब्धी, समाधी आणि उपेक्षा ही बोध्यंगं, म्हणजे बोधीकडे नेणारे मनाचे गुण, वाढवायची वेळ नसते. तेव्हा धम्मविचय (धम्माची पारख), वीर्य (उत्साह) आणि प्रीती हवीत. मन उधळलेलं असेल तर उलट: वीर्याचं वाळलं सरपण बाजूला, शांत करणारी तीन पुढे. सती, म्हणजे सजगता, मात्र सगळीकडे हवी. चुलीत कपाशीच्या काड्या सारणाऱ्या आमच्या आजीला हे न वाचता कळत होतं. कधी फुंकायचं आणि कधी काडी मागे ओढायची, ते ती विस्तवाकडे बघून ठरवायची.

जडतेवरचा माझा उपाय भगवंतांचे शिष्य महामोग्गल्लान यांना दिलेल्या उपदेशातून घेतलेला आहे. त्यांना डुलकी येत होती तेव्हा भगवंतांनी कान ओढायला, अंग चोळायला, डोळ्यांवर पाणी मारायला, तारे पाहायला, चालायला सांगितलं. मी पहाटे चारला घराच्या धाब्यावर (गच्चीवर) जातो, तोंड धुतो, वर बघतो, वीस फेऱ्या मारतो, मगच बसतो. जेवल्यावर दोन तास बसत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

मन कोरं करायला जाऊ नका, विचार येणारच. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेणीत माराच्या, म्हणजे साधकाला मोहात पाडणाऱ्याच्या, हल्ल्याचं शिल्प आहे. जळगावहून दीड तासाची वाट, एकदा त्याच्यासमोर शांतपणे उभे राहा. बोधीनंतरही मार येतच राहिला असं सुत्तं सांगतात. भगवंत त्याला ओळखत आणि तो खट्टू होऊन निघून जाई. ओळखणं, एवढंच काम आहे.

पंचशील बाजूला ठेवून समाधीची घाई नको. दुकानात खोटं माप आणि घरी आनापान, असं चालत नाही.

शिबिरांचे आकडे सांगणं बंद करा.

ताण देऊन बसू नका. सोण भिक्खू चालून चालून तळपाय रक्ताळेपर्यंत झटले, तेव्हा भगवंतांनी त्यांना वीणेच्या तारेची आठवण दिली. फार ताणली तरी वाजत नाही, सैल सोडली तरी नाही.

वर्षावासात तीन महिने रोज बसून आश्विन पौर्णिमेनंतर सोडून देऊ नका. रोज वीस मिनिटं बसलात तरी चालेल, पण खंड नको.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. ध्यान वाढवल्यापासून झोपच येत नसेल, सतत भीती वाटत असेल, आवाज ऐकू येत असतील, तर त्याला साधनेचा टप्पा समजून आणखी बसू नका. बसणं थांबवा, घरच्यांना सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जायला एकटं वाटत असेल तर रविवारी विहारात या, आमच्यापैकी कुणीतरी सोबत येईल.