नाणी पाहायचं भिंग: पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नका

नाणी जमवायला सुरुवात केली की जो तो सांगतो, ‘चांगलं पॉवरफुल भिंग घे.’ नेमका हाच सल्ला कानाआड करा. पॉवर वाढली की एका नजरेत दिसणारा भाग कमी होतो, भिंग नाण्याच्या अगदी जवळ न्यावं लागतं आणि मधल्या फटीतून उजेड आत जात नाही. नाण्याची पारख तर सगळी उजेडावरच चालते.

पहिलं भिंग ५ एक्सचंच, म्हणजे पाचपट मोठं दाखवणारं घ्या. त्यात नाणं सुमारे ५ सेंटिमीटरवर धरता येतं, म्हणजे दिव्याखाली तिरपं करून फिरवायला जागा मिळते. कुणीतरी घासूनपुसून ‘चमकवलेला’ चांदीचा रुपया असा फिरवला की एकाच दिशेला गेलेले बारीक, समांतर ओरखडे एकदम उजळतात. चलनात पडलेले ओरखडे असे शिस्तीत नसतात, ते वाटेल तसे गेलेले असतात. किंमत निम्म्यावर आणणारा हा फरक ५ एक्समध्ये लख्ख दिसतो. शिवराईला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्यालाही एवढंच पुरे. तिचे ठसे बऱ्याचदा नाण्यापेक्षा मोठे असत, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ किंवा ‘छत्रपति’ यातली अक्षरं कडेला तुटलेली असतात. अख्खं नाणं डोळ्यांपुढे असलं तरच अर्धी राहिलेली वेलांटी कुठल्या अक्षराची ते कळतं.

दुसरं भिंग १० एक्सचं, बारकाव्यांसाठी. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली बारीक उंच ठिपका असेल तर तो मुंबई टांकसाळीचा. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसायचा. त्यावरून गदारोळ झाला आणि १९१२ पासून तो बदलला. हे दोन हत्ती शेजारी ठेवून बघायचे तर १० एक्स हवं. ओतून केलेल्या नकली नाण्यावरचे सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि कडेवरची साच्याची रेघही त्यातच पकडता येते. १५ एक्सच्या पुढचं काही घेऊ नका. संगणकाला जोडायचा मायक्रोस्कोप फोटो काढायला ठीक आहे, पारखीला नाही.

आता दुकानात भिंग तपासायचं कसं. सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, आणि मलाही हे नीट जमायला बराच काळ लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खिशात आलेखाचा कागद आणि छोटी पट्टी ठेवा. काउंटरवर पांढरा कागद ठेवा, छतावरच्या ट्यूबलाइटखाली भिंग कागदाला समांतर धरा आणि सावकाश वर उचला. एका उंचीवर ट्यूबची बारीक, स्वच्छ प्रतिमा कागदावर उमटेल. तिथे हात थांबवून काचेच्या मध्यापासून कागदापर्यंतचं अंतर मोजा आणि २५० ला त्या मिलिमीटरच्या आकड्याने भागा. आलं उत्तर ती भिंगाची खरी पॉवर. १० एक्सला अंतर साधारण २५ मिलिमीटर यायला हवं, ५ एक्सला ५०. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक सोडून द्या. हा प्रयोग उन्हात करू नका, कागद पेटेल.

बाजारात ‘३० एक्स, २१ मिमी’ (२१ मिमी हा काचेचा व्यास) असं छापलेली एकेरी काचेची भिंगं ढिगाने मिळतात. ३० एक्सला हे अंतर ८ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. साध्या काचेची २१ मिलिमीटरची अख्खी गोटी केली तरी ती १६ एक्सच्या पुढे जात नाही, मग त्या चपट्या काचेत ३० कुठून येणार? दुकानदार कितीही शपथेवर सांगू दे, पट्टी लावा.

पॉवर खरी निघाली तरी काम संपलं नाही. भिंग डोळ्याशी लावा, दुसरा डोळा उघडाच ठेवा आणि आलेखाचा कागद भिंगाकडे आणा. (कागद असो की नाणं, तेच भिंगाकडे आणायचं, भिंग घेऊन त्याच्यावर वाकायचं नाही.) मधले चौकोन कुठल्याही भिंगात सरळ दिसतात, म्हणून कडेकडे बघा. तिथे रेषा वाकत असतील किंवा धूसर होत असतील तर भिंग परत करा. मग पांढऱ्यावर काळं छापलेलं ठळक अक्षर बघा. त्याच्या कडेला निळी-पिवळी झालर दिसली तरीही परत करा. हा निव्वळ चोखंदळपणा नाही. अशा काचेतून चांदीवर नसलेले रंग दिसतात, कडेची अक्षरं दुहेरी भासतात आणि नवखा माणूस ‘डबल छापाचं दुर्मीळ नाणं’ समजून साध्या नाण्याला हजारो रुपये मोजतो. तीन काचा एकमेकींना चिकटवून केलेल्या ट्रिपलेट भिंगात हे दोन्ही दोष जवळजवळ नाहीसे होतात. १० एक्स घ्यायचं तर ट्रिपलेटच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. ५ एक्सला दोन काचांचं भिंग पुरतं.

आत दिवा असलेलं भिंग नको. त्याचा उजेड समोरून, सगळीकडे सारखा पडतो आणि ते समांतर ओरखडे त्यात बुजून जातात. टेबलावर एकच दिवा, बाजूने तिरपा, बाकीचे बंद.

काचेचा व्यास १८ ते २१ मिलिमीटर. आवरणात मिटणारं घ्या, म्हणजे काचेवर चरे पडत नाहीत.

पैसे द्यायच्या आधी शेवटची चाचणी खिशातल्या सुट्ट्या नाण्यांवर करा. सालाखाली टांकसाळीची खूण बघा: मुंबईची चौकट म्हणजे हिऱ्याचा आकार, नोएडाचा ठिपका, हैदराबादचा तारा. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसतेच, तेव्हा ती शोधत बसू नका. हिऱ्याचे चारही कोपरे टोकदार दिसले तर भिंग घ्या. चष्मा असेल तर तो लावूनच बघा, कारण घरीही तुम्ही तसंच बघणार आहात.