जेपीजी, पीएनजी की आणखी काही: वेबसाइटवरच्या चित्रांसाठी

फोंड्यात मी देवस्थानांच्या, होमस्टेंच्या आणि एकदोन काजूवाल्यांच्या वेबसाइट करते. नवीन काम आलं की चित्रं व्हॉट्सॲपवरूनच येतात. म्हणून फॉरमॅटच्याही आधी, म्हणजे चित्र जेपीजी, पीएनजी अशा कुठल्या प्रकारच्या फाइलीत ठेवायचं हे ठरवण्याच्याही आधी, मी मूळ फाइल मागते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र वाटेत दाबून लहान होतं. तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं की जसंच्या तसं पोचतं. एकदा दाबलेलं चित्र पुढे कुठल्याही फॉरमॅटमध्ये घातलं तरी त्यातलं गेलेलं परत येत नाही.

मूळ फाइल हातात आली की एकच बघायचं: हा कॅमेऱ्याने टिपलेला फोटो आहे की कुणीतरी आखलेलं, लिहिलेलं चित्र?

हे मी एका जत्रेच्या पत्रकावरून शिकले. पिवळ्याधमक रंगावर लाल अक्षरांत पालखीची वेळ, रात्रीच्या नाटकाचं नाव, महाप्रसाद. मी घाईत ते जेपीजी करून चढवलं. संध्याकाळी समितीच्या सचिवकाकांचा फोन आला, नाटकाचं नाव वाचता येत नाही म्हणून. चित्र चारशे टक्के मोठं करून पाहिलं. शिरोरेषेच्या खाली मातकट धुरकटपणा पसरला होता, आणि नाटकाच्या नावातल्या 'राष्ट्र'मधल्या 'ष्ट्र'च्या पोटातली पिवळी फट पूर्ण बुजली होती.

कारण जेपीजीच्या कामाच्या पद्धतीतच आहे. १९९२ साली ठरलेलं हे प्रमाण फोटोंसाठी बनलं. ते चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे (पिक्सेलचे) चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देतं. शिवाय उजेड-अंधार नीट जपतं, पण रंगाची माहिती बहुतेक वेळा निम्म्याच बारकाईने ठेवतं. झाडी, आभाळ, माणसांचे चेहरे यांत हे कळत नाही. पण लाल आणि पिवळ्याच्या सीमेवर लगेच कळतं, आणि देवनागरीत तर वेलांट्या, रफार, जोडाक्षरं अशा बारीक सीमा पावलोपावली असतात. मी ते पत्रक मूळ फाइलवरून पुन्हा पीएनजीत काढलं. पीएनजी फाइल लहान करतं, पण एकही ठिपका बदलत नाही. रंग मोजकेच असल्यामुळे फाइलही आटोपशीर झाली. तरीही तारीख-वेळ चित्रात कोंडून ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. तोच मजकूर पानावर साध्या अक्षरांतही लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल आणि ज्याला दिसत नाही त्याला फोन वाचून दाखवेल.

फोटोचं याच्या उलट. नवरात्रात मखरोत्सवाचा एक सुंदर फोटो आला होता, समयांच्या उजेडात झुलणारं मखर. तो आधीच कुणीतरी 'चांगला राहावा' म्हणून पीएनजी करून ठेवला होता, आणि फाइल कितीतरी मेगाबाइटची झाली होती. फोटोत शेजारशेजारचे ठिपकेही सारखे नसतात, त्यामुळे पीएनजीला दाबायला फारसं काही सापडत नाही. फोटोला पीएनजी नको, जेपीजी द्या. सेव्ह करताना क्वालिटी ७५ ते ८० ठेवली की सहसा पुरतं. मखरासारख्या अंधाऱ्या फोटोला मात्र मी ८५ वर जाते, नाहीतर गर्भागाराच्या काळोखात ते चौकोन दिसू लागतात. आणि आधी रुंदी कमी करा. बारा मेगापिक्सलचा फोटो ४००० ठिपके रुंद असतो. पानभर पसरणाऱ्या फोटोलाही मी १६०० च्या वर जात नाही, मजकुरातल्या फोटोला ८०० पुरतात. फाइल हलकी होण्यात फॉरमॅटपेक्षा या पायरीचाच वाटा मोठा असतो.

गूगलने २०१० मध्ये आणलेला वेबपी हा फॉरमॅट आता सगळ्या चालू ब्राउझरांत उघडतं, आणि फोटो जेपीजीपेक्षा सहसा हलका करतं. नवीन कामात मी तेच वापरते. पण त्याच्या दाबणाऱ्या प्रकारातही रंग निम्म्या बारकाईनेच राहतात, तेव्हा लाल अक्षरांचं पत्रक असेल तर 'लॉसलेस', म्हणजे काहीच टाकून न देणारा प्रकार, निवडा. एव्हीआयएफ या आणखी नव्या फॉरमॅटमध्ये फोटो सहसा त्याहूनही हलका होतो, पण जुन्या फोनवर उघडत नाही. आमच्याकडे गावातली वडीलधारी माणसं मुलांचे जुने फोन वापरतात, म्हणून त्यासोबत जेपीजीची सोय ठेवल्याशिवाय मी ते चढवत नाही. आयफोनवरून येणारी एचईआयसी फाइल आधी जेपीजी करून घ्या.

बोधचिन्हाला एसव्हीजीच हवं. त्यात ठिपके नसतात, रेषा कशी काढायची याची सूचना असते. त्यामुळे फोनच्या कोपऱ्यात असो की मोठ्या पडद्यावर, कड तेवढीच धारदार. एका होमस्टेचं बोधचिन्ह जेपीजीत आलं होतं. जांभ्या दगडाच्या रंगाच्या पट्टीवर ते ठेवलं तर भोवती पांढरा चौकोन, कारण जेपीजीत पारदर्शकता नसतेच. मालकीणबाईंकडे मूळ फाइल नव्हती, शेवटी मी ते इंकस्केप या चित्र आखायच्या प्रोग्राममध्ये पुन्हा आखलं. तुम्ही असं काही करणार असाल तर अक्षरं निवडून 'पाथ' मेन्यूतलं 'ऑब्जेक्ट टू पाथ' नक्की करा. नाहीतर पाहणाऱ्याच्या फोनवर तो फॉन्ट नसला की दुसराच येऊन बसतो. वेबसाइट बनवायची वर्डप्रेस ही प्रणाली एसव्हीजी आपणहून चढवू देत नाही, कारण या फाइलमध्ये प्रोग्रामचा कोडही लपवता येतो. परवानगी देणारं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकलंत तरी फक्त स्वतः काढलेल्या किंवा खात्रीच्या माणसाकडून आलेल्या फाइलीच चढवा. एसव्हीजी जमत नसेल तर पारदर्शक पीएनजी चालेल, दिसेल त्याच्या दुप्पट रुंदीचं.

हलत्या चित्रांसाठी लोक वापरतात त्या जीआयएफमध्ये फक्त २५६ रंग मावतात. हलतं काही दाखवायचं असेल तर छोटा व्हिडिओ लावा.

जेपीजी उघडून, दुरुस्त करून, पुन्हा जेपीजी सेव्ह केलं की दर वेळी थोडं आणखी झिजतं. म्हणून प्रत्येक कामाच्या फोल्डरात मी 'मूळ' नावाचं वेगळं फोल्डर करते आणि त्यातल्या फाइलींना हात लावत नाही. पुढच्या वर्षी जत्रेची तारीख बदलते, तेव्हा पत्रक तिथूनच उघडायचं.