जुन्या डेबियनवर व्हॅलग्रिंड अडतंय? या चुका टाळा

डेबियन 8 ही लिनक्स प्रणाली, म्हणजे ‘जेसी’, एप्रिल 2015 मध्ये आली आणि 30 जून 2020 ला तिचा एलटीएस, म्हणजे लांब मुदतीचा, सपोर्टही संपला. तिच्यात प्रोग्राममधल्या मेमरीच्या चुका शोधणारं व्हॅलग्रिंड 3.10.0, सी भाषेची मूळ लायब्ररी जीलिबसी 2.19 आणि कंपायलर जीसीसी 4.9 आहेत. ही मंडळी एका काळातली, त्यामुळे आपापसात नीट नांदतात. बाहेरचं काही मिसळलं की कुरबुर सुरू होते.

सर्वात जास्त डोकं खाणारी अडचण म्हणजे सुरुवातीलाच ‘फेटल एरर ॲट स्टार्टअप’ येऊन सगळं बंद पडणं. खाली ‘फंक्शन रिडायरेक्शन’ आणि ‘स्ट्रलेन’ हे शब्द दिसतात. इथे बहुतेक जण व्हॅलग्रिंड काढून पुन्हा घालतात. काही उपयोग होत नाही, कारण दोष त्याचा नाहीच. स्ट्रिंगची लांबी मोजणारं, वेगासाठी लिहिलेलं स्ट्रलेन हे फंक्शन एका दमात अनेक बाइट वाचतं आणि स्ट्रिंगच्या टोकापुढेही डोकावतं. मेमचेकला, म्हणजे व्हॅलग्रिंडच्या मेमरी तपासणाऱ्या टूलला, ती चूक वाटू नये म्हणून व्हॅलग्रिंड डायनॅमिक लोडरमधल्या (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडणारा भाग) स्ट्रलेनच्या जागी स्वतःचं बसवतं. पण लोडर स्ट्रिप केलेला, म्हणजे आतली नावं काढून टाकलेला, असेल, तर त्यात हे फंक्शन कुठे आहे हेच कळत नाही. ती नावं ‘लिबसी6-डीबीजी’ या वेगळ्या पॅकेजात असतात, तेव्हा घालायचं ते हे. 64-बिट यंत्रावर 32-बिट प्रोग्राम तपासत असाल, तर त्याची आय386 आवृत्तीही लागते.

इथे दुसरी चूक होते. जेसीची पॅकेजं आता नेहमीच्या सर्व्हरवर नसल्यामुळे रिपॉझिटरी 404 देते, म्हणून कुठून तरी डेब (पॅकेजची) फाइल आणून डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेला ‘फोर्स’ लावून बसवली जाते. पॅकेज बसतं, एरर मात्र तशीच! लिबसी6 (जीलिबसीचं डेबियनमधलं पॅकेज) आणि लिबसी6-डीबीजी यांची आवृत्ती शेवटच्या ‘डेब8यू’ पुढच्या आकड्यापर्यंत एकच हवी. नाहीतर फाइलीची ओळखखूण जुळत नाही आणि व्हॅलग्रिंड ती बाजूला ठेवतं. ‘डीपीकेजी -एल’ने दोन्ही आकडे आधी पाहा. सोर्सेस यादीत डेबियनच्या आर्काइव्ह सर्व्हरचा पत्ता द्या, जेसीची सिक्युरिटी शाखाही तिथूनच घ्या. रिलीज फाइलची मुदत संपल्याची तक्रार आली, तर तेवढ्यापुरतं ‘चेक-व्हॅलिड-अन्टिल’ फॉल्स करा. मग लिबसी6, लिबसी6-डेव्ह आणि लिबसी6-डीबीजी एकाच आज्ञेत घाला. होकार देण्याआधी काय काय काढलं जाणार आहे ती यादी मात्र नक्की वाचा.

प्रोग्राम मध्येच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पडला, तर वरच्या ‘अनहँडल्ड इन्स्ट्रक्शन बाइट्स’ या ओळीकडे बघा. पहिला बाइट 0x62 असेल तर ती बहुधा एव्हीएक्स-512 या नव्या प्रोसेसरमधल्या संचातली सूचना असते. जुनी प्रणाली नव्या प्रोसेसरवर चढवून ‘मार्च=नेटिव्ह’ने, म्हणजे त्याच प्रोसेसरसाठी, कंपाइल केलं की हे होतं. व्हॅलग्रिंड 3.15 घातलं तरी हे सुटत नाही. ‘मार्च=एक्स86-64’ देऊन सगळं पुन्हा कंपाइल करा, स्वतः बांधलेल्या लायब्ररीसुद्धा.

नवं व्हॅलग्रिंड सोर्समधून बांधलंत, तर ‘प्रीफिक्स’मध्ये (ते कुठे बसवायचं हे सांगणारा पर्याय) दिलेली डिरेक्टरी नंतर हलवू नका. हलवलीत तर ‘फेल्ड टू स्टार्ट टूल मेमचेक’ येतं; तेव्हा ‘व्हॅलग्रिंड_लिब’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला नवा पत्ता द्यावा लागतो.

रिपोर्ट अगदीच स्वच्छ आला तर आधी संशय घ्या. प्रोग्राम शेल स्क्रिप्टमधून सुरू होत असेल, तर तुम्ही बॅशची तपासणी केलेली असते. स्क्रिप्टने सुरू केलेले प्रोग्रामही तपासण्यासाठी ‘ट्रेस-चिल्ड्रन=येस’ द्या. उलट, ओळीचे आकडे भलतेच दिसत असतील तर ‘-जी’ (डीबगची माहिती) आणि ‘-ओ0’ने (ऑप्टिमायझेशन बंद) बांधा, ‘-ओ2’वर अनइनिशिअलाइज्ड, म्हणजे किंमत न दिलेल्या, मेमरीच्या खोट्या तक्रारीही कधीकधी येतात.

अशी मेमरी मुळात कुठून आली ते शोधणारा ‘ट्रॅक-ओरिजिन्स=येस’ पहिल्याच फेरीत लावू नका. मेमचेक मुळातच प्रोग्रामला 10 ते 50 पट हळू करतं. त्यावर हा पर्याय आणखी वेळ आणि किमान 100 एमबी मेमरी खातो. 1 जीबीच्या जुन्या यंत्रावर मग स्वॅप सुरू होतो. आधी साधी फेरी घ्या, एरर कुठे येते ते पाहा आणि मग तेवढाच भाग चालवून हा पर्याय लावा.