विटेच्या खडीचं काँक्रीट करायला घेताय? आधी पाण्याचा हिशोब शिका

पाडलेल्या भिंतीच्या विटा फोडून आरसीसीत (सळईच्या काँक्रीटमध्ये) खडी म्हणून वापरायचा विषय दरवर्षी डिप्लोमा आणि बीईच्या मुलांच्या प्रोजेक्टमध्ये येतो, आणि आता नवे साइट इंजिनिअरही तो विचारायला लागलेत. मराठवाड्यात जुनी घरं पाडण्याचं काम जोरात आहे आणि विटांचे ढीग नाल्याच्या काठाला जाऊन पडतात, म्हणून विषय चांगलाच आहे. पण एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. आयएस ३८३:२०१६ मध्ये (खडी-वाळूचं भारतीय मानक) वीट मिसळलेल्या रिसायकल्ड खडीला आरसीसीत जागा नाही, साध्या, बिनसळईच्या काँक्रीटमध्येही (पीसीसी) नाही. एम१५ पेक्षा खालच्या (एमपुढचा आकडा म्हणजे २८ दिवसांची ताकद, न्यूटन प्रति चौरस मिमी) लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या, काँक्रीटमध्ये मात्र ती १०० टक्के चालते. फक्त जुनं काँक्रीट फोडून केलेली खडी आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत घेता येते, तीही एम२५ पर्यंतच. त्यामुळे कुणाच्या राहत्या घराच्या स्लॅबमध्ये किंवा कॉलममध्ये विटेची खडी टाकायची नाही. ठेकेदार "काही होत नाही" म्हणाला तरी नाही. किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्या भागात झाला, तिथे काँक्रीटच्या ताकदीशी खेळ करायचा अधिकार कुणालाच नाही.

म्हणून विषय सोडून द्यायचा का? अजिबात नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत ढिगाऱ्यातल्या विटांच्या खडीचं काँक्रीट बांधकामात वापरलं गेलं, आणि दगड दुर्मिळ असलेल्या बांगलादेशात विटेची खडी आजही स्ट्रक्चरल कामात जाते. म्हणजे जमतं. पण तिथे त्यासाठी भाजलेल्या विटेचा दर्जा, भिजवण आणि प्रमाण हे सगळं ठरलेलं असतं. आपल्याला ते आधी प्रयोगशाळेत सिद्ध करायचं आहे. एम२० च्या ट्रायल मिक्सवर (चाचणीपुरत्या मिश्रणावर) काम करा, निकाल प्रामाणिकपणे मांडा, आणि साइटवर वापर एम१५ पेक्षा खालच्या लीन पीसीसी बेडपुरता (पायाखालच्या थरापुरता) ठेवा.

आता विटांबद्दल. आपल्याकडच्या भट्ट्यांवर काळ्या मातीच्या किंवा तलावातल्या गाळाच्या विटा बऱ्याच आहेत. त्यात चुनखडीचे खडे असतात. भट्टीत त्यांचा चुना होतो आणि नंतर पाणी लागलं की तो फुगून वीट फोडतो. त्यामुळे फोडलेल्या विटेत पांढरे ठिपके दिसले तर तो ढीग बाजूला ठेवा, नाहीतर दोन-तीन दिवस पाण्यात ठेवून किती तुकडे तडकतात ते बघा. आतून काळपट, कच्ची राहिलेली वीट नको. दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला पाहिजे. हा कान म्हाताऱ्या गवंड्याचा असतो, तो घ्या. त्याच्या कानावर विश्वास ठेवा, पाण्याच्या डब्यावर ठेवू नका. ते का, ते पुढे येईल.

जुन्या भिंतीचा खालचा साधारण एक मीटरचा भाग घेऊच नका. तिथे लोणा चढलेला असतो, म्हणजे क्षार. आयएस ४५६ (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) प्रमाणे आरसीसीत एका घनमीटरमागे एकूण क्लोराईड ०.६ किलोच्या आत लागतं, आणि सल्फेट एसओ३ म्हणून सिमेंटच्या वजनाच्या ४ टक्क्यांच्या आत. पीओपीचा आणि जिप्समचा गिलावा एकही तुकडा आत जाऊ देऊ नका, कारण तो काही महिन्यांनी काँक्रीट फुगवतो आणि तोपर्यंत तुमचे २८ दिवसांचे निकाल सुंदर आलेले असतात. माळवदाच्या घरांच्या भिंतीत भाजकी वीट कमी आणि पांढरी माती जास्त असते. ती धुऊन काढण्याइतकं पाणी तुमच्याकडे नसेल तर तो माल घेऊ नका.

फोडून २० मिमीच्या चाळणीतून गेलेला आणि ४.७५ मिमीवर राहिलेला माल घ्या. खालचा चुरा वाळू म्हणून वापरायचा मोह होईल, करू नका. त्याला पाणीही जास्त लागतं आणि सुपरप्लास्टिसायझरही (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारं रसायन). इम्पॅक्ट टेस्ट आयएस २३८६ भाग ४ प्रमाणे करा: १२.५ मधून गेलेली आणि १० वर राहिलेली खडी, १५ ठोके, मग २.३६ ची चाळणी; तिच्यातून गेलेला चुरा किती टक्के, तो आकडा. बेसाल्टशी तुलना करून निराश होऊ नका. वीट मऊच असते. आकडा ४५ टक्क्यांच्या वर गेला तर मात्र तो माल पीसीसी बेडखालच्या भरावाचा.

आणि आता ज्यात जवळजवळ सगळे अडकतात ते: पाणी. हे पहिल्या वाचनात डोक्यात बसत नाही, म्हणून सावकाश वाचा.

आपला काळा बेसाल्ट एक-दोन टक्के पाणी पितो, म्हणून साइटवर कुणी त्याचा विचारच करत नाही. वीट सहज १५ टक्के पिते, कधी त्याहून जास्त, आणि त्यातलं बहुतेक पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. (आयएस ३८३ रिसायकल्ड खडीला आधी भिजवून घेण्याच्या अटीवर १० टक्क्यांपर्यंत शोषण चालवतो. म्हणजे नुसती वीट तिथेही बसत नाही.) एक उदाहरण धरू. घनमीटरला सिमेंट ३४० किलो, पाणी १७० लिटर, म्हणजे वॉटर-सिमेंट रेशो ०.५०. जाड खडी ११५० किलो, बेसाल्टची घनता २.८५. त्यातली २५ टक्के खडी विटेची करायची. इथे पहिली चूक वजनाने बदलण्याची होते. बदल आकारमानाने करायचा. २८७.५ किलो बेसाल्टची जागा सुमारे १०१ लिटर. विटेची, आत पाणी भरलेली पण वरून कोरडी, अशा अवस्थेतली घनता २.०५ धरली तर २०७ किलो वीट लागते. कोरडी मोजली तर १८० किलो, आणि उरलेले २७ तिच्या पोटातलं पाणी. वजनाला वजन म्हणून २८७ किलो कोरडी वीट टाकली तर ती सुमारे १६१ लिटर जागा घेते, म्हणजे घनमीटरमागे ६० लिटर माल वाढतो आणि सिमेंट पातळ होतं.

आता ५० किलोच्या एका बॅगेवर या. पाणी २५ लिटर, वीट कोरडी २६.५ किलो, तिला प्यायला ४ लिटर. तुम्ही वीट कोरडीच टाकली, तर मिक्सरमध्ये उरतं २१ लिटर. रेशो ०.४२, माल घट्ट, स्लम्प (मालाचा सैलपणा) गेला. मिस्त्री अर्धा डबा, साडेसात लिटर, ओततो. झाले २८.५ लिटर, रेशो ०.५७. दुसऱ्या दिवशी तुम्ही शहाणे होऊन वीट भिजवली, पण न निथळता टाकली. अंगावरचं दोन लिटर पाणी आत गेलं, रेशो ०.५४. तिसऱ्या दिवशी भिजवलेली वीट उन्हात दोन तास पडली आणि पुन्हा कोरडी झाली. कागदावर तिन्ही दिवस मिक्स एकच. क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) मात्र तीन वेगवेगळ्या काँक्रीटचे. मग रिपोर्टमध्ये लिहिलं जातं की विटेच्या खडीत ताकदीचा भरवसा नाही. भरवसा पाण्याचा नव्हता.

करायचं असं. आदल्या दिवशी २४ तास ड्रममध्ये भिजवा. सावलीत जाळीवर तासभर निथळू द्या, वर ओलं बारदान टाका. मिक्स घालण्याच्या अगदी आधी एक-दोन किलो नमुना घ्या, वजन करा, कढईत गॅसवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, पुन्हा वजन करा. एकूण ओलावा १८ टक्के आला आणि शोषण १५ असेल, तर ३ टक्के जादा: त्या बॅगेला ३१.३ किलो ओली वीट मोजा आणि पाण्यातून ०.८ लिटर कमी करा. ओलावा ११ आला तर २९.४ किलो मोजा आणि पाण्यात एक लिटर वाढवा. एप्रिल-मेमध्ये हे दर दोन तासांनी करा, नुसतं सकाळी एकदा करून भागत नाही. स्लम्प कमी वाटला तर सुपरप्लास्टिसायझर वाढवा, पाण्याला हात लावू देऊ नका. डबा मिक्सरजवळून उचलूनच ठेवा.

हे जमलं की अर्धं काम झालं. खरंच. उरलेलं कठीण नाही.

माझं ठाम मत: या विषयात गाईडपेक्षा लॅब असिस्टंटला धरा. ओलाव्याचा तवा, चाळण्या, मोल्डची गळती हे त्यांना माहीत असतं. आणि दुसऱ्या कॉलेजच्या जुन्या रिपोर्टमधलं प्रमाण उचलू नका, त्यांची वीट वेगळ्या मातीची आणि वेगळ्या भट्टीची होती.

बेसाल्टचा कंट्रोल मिक्स (वीट न घातलेला, तुलनेसाठीचा) त्याच दिवशी, त्याच सिमेंटने टाका. ०, १५, २५, ५० टक्के पुरे, प्रत्येकाचे ७ आणि २८ दिवसांना तीन-तीन क्यूब. फुटलेला क्यूब फेकू नका, उघडून बघा. तडा विटेच्या तुकड्यातून गेला असेल तर सिमेंट वाढवून ताकद फारशी वाढणार नाही, मर्यादा विटेची आहे. आणि नुसता क्यूब पास झाला म्हणून स्ट्रक्चरल म्हणू नका. विटेच्या खडीने इलॅस्टिसिटी मॉड्युलस (काँक्रीटचा ताठपणा) बराच पडतो, म्हणून आयएस ४५६ चं ५००० गुणिले वर्गमूळ एफसीके (एफसीके म्हणजे क्यूबची ठरलेली ताकद) हे मॉड्युलसचं सूत्र इथे आंधळेपणाने लावलं तर स्लॅबची झोळ कमी दिसते. आकुंचनही जास्त असतं. १५० बाय ३०० चे सिलिंडर टाकून मॉड्युलस मोजा. हे फार कमी जण करतात, त्यामुळे तुमचं काम लगेच वेगळं दिसेल.

क्युरिंगला एक चांगली बाजू आहे. विटेच्या पोटातलं पाणी हळूहळू सिमेंटला मिळतं, आपल्या कोरड्या हवेत त्याचा उपयोग होतो. तरी वरचं पाणी बंद करू नका. उष्ण कोरड्या हवेत ओपीसीला (साध्या सिमेंटला) किमान १० दिवस आणि पीपीसीला (फ्लाय अॅश मिसळलेल्या सिमेंटला) १४ दिवसांपर्यंत ओलं ठेवा. बोअरचं पाणी खारट असेल तर मिक्सिंगला आणि भिजवायलाही वापरण्याआधी तपासून घ्या. वीट ते क्षार पिऊन बसते, आणि नंतर कितीही धुतलं तरी सगळे निघत नाहीत.