संत्र्याचा डिंक्या आटोक्यात आला: माझा अनुभव

आमचा बगीचा वरुडकडचा, जमीन भारी काळी. पावसाळ्यात पाणी साचलं की बुंध्यातून डिंक गळतो, पानं शिरांपासून पिवळी पडतात अन् झाड वाळत जातं. हा डिंक्या. फायटोफ्थोरा बुरशी मातीतूनच येते, म्हणून नुसती फवारणी मारून भागत नाही.

शेजारच्या काकांनी आधी बुंध्याची माती हटवायला लावली. तपकिरी साल धारदार चाकूनं खरवडली, कडेची थोडी चांगली सालही घेतली. जखमेला बोर्डो मलम चोपडलं: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद अन् चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवायचं, मग एकत्र करायचं, लोखंडी भांडं नको. चुना भुकटी झालेला असेल तर घेऊच नका. तयार मलमात लोखंडी खिळा बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. मलम त्याच दिवशी संपवायचं.

पण खरा फरक पडला तो पाण्यानं. दुहेरी आळं केलं, म्हणजे खोडाजवळचं आतलं आळं कोरडं अन् पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात. खोडाला पाणी लागणं बंद. ओळींमधून उताराकडे चर काढले. मलम आता पावसाळ्याआधी अन् नंतर, जमिनीपासून मीटरभर उंच.

अर्धीअधिक वाळलेली झाडं काही सावरली नाहीत, मुळासकट काढून जाळली. तिथं रंगपूर लिंबू खुंटावरची कलमं लावली (खुंट म्हणजे ज्या रोपाच्या मुळावर संत्र्याचं कलम बांधतात ते). जंबेरी खुंटावरच्या कलमांपेक्षा ती डिंक्याला जास्त तग धरतात. नर्सरीत खुंट कोणता ते आधी विचारा, आपणहून कोणी सांगत नाही. अन् कलमाचा डोळा, म्हणजे खुंटाशी जोड, मातीच्या बराच वर राहील असंच लावा.