मागून घूं घूं येतंय? बेअरिंग बदलायच्या आधी हे बघा

कारच्या मागून घूं घूं यायला लागली की बरेच गॅरेजवाले चाक न उचलताच सांगून टाकतात, बेअरिंग (चाक ज्याच्यावर फिरतं ती गोळ्यांची कडी) गेलं, दोन्ही बाजूची टाका. कधी बरोबर असतं त्यांचं. पण कितीतरी वेळा आवाज टायरचा निघतो, म्हणजे पैसे पण गेले आणि घूं घूं पण तशीच. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी आवाज नक्की कशाचा ते शोधा, खरं काम तेच आहे, बाकी सगळं मजुरी.

पहिली टेस्ट मुंबईत फुकटात होते, कारण आपल्याकडे एकाच रस्त्यावर थोडं काँक्रीट, थोडं डांबर आणि मध्येच पेव्हर ब्लॉक असतात. एसी, गाणी बंद करा, काचा वर आणि स्पीड एकसारखा ठेवा. रस्ता बदलला की आवाज बदलला तर संशय टायरवर. रस्ता कसाही असो, आवाज तोच आणि फक्त स्पीडबरोबर वाढतोय कमी होतोय, तर बेअरिंग. मध्येच क्षणभर क्लच दाबा, आरपीएम (इंजिनचे फेरे) पडूनही आवाज तसाच राहिला म्हणजे इंजिनचा त्यात काही संबंध नाही.

मग लांब वळण असलेला मोकळा रस्ता बघा, सकाळी लवकर ईस्टर्न फ्रीवे चालेल, पण लेनमध्ये राहून आणि लिमिटमध्ये, उगाच नागमोडी चालवू नका. गाडी उजवीकडे वळली की वजन डाव्या चाकांवर येतं, त्यामुळे उजव्या वळणावर आवाज वाढला तर बहुतेक डावीकडचं बेअरिंग, आणि डाव्या वळणावर वाढला तर उजवीकडचं. बहुतेक म्हणतोय कारण मागचा आवाज पत्र्यातून फिरून भलतीकडून ऐकू येतो, आपण खात्रीने डावीकडे बोट दाखवावं आणि निघावं उजवीकडचं असं सर्रास होतं.

टायरवरून तळवा पण फिरवा, आधी एका दिशेने मग उलट. एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवताना कडा बोचल्या, तर टायर वेडावाकडा झिजलाय. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून बघा, आवाज पुढे सरकला की विषय संपला.

आता चाक उचलायचं. सोसायटीत सपाट जागा बघा, उतारावर अजिबात नको. गाडी गिअरमध्ये, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, हँडब्रेक सोडलेला, आणि जॅकच्या जोडीला स्टँड हवाच, नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही. (वॉचमन येऊन किती वेळ लागेल विचारणारच, आधीच सांगून ठेवा.) एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवा. चांगल्या बेअरिंगला बोटांना काहीच लागत नाही. खराब असेल तर बारीक खरखर स्प्रिंगमधून थेट बोटात येते, कानाला ऐकू येत नसली तरी. दुसऱ्या बाजूला पण तसंच करा, फरक लगेच कळतो. दर फेऱ्याला एकदाच खर्र होत असेल तर ते ब्रेकचं लायनर ड्रमला (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या डब्याला) घासतंय, बेअरिंगला दोष देऊ नका. शेवटी चाक वर आणि खाली धरून हलवा, सीलबंद बेअरिंगमध्ये हाताला कळेल इतका प्ले (ढिलेपणा) असला तर ते गेलंच. खरखर आहे पण प्ले नाही तरीही गेलेलंच असू शकतं.

आपल्याकडे यात पावसाळ्याचा मोठा हात आहे. चालून गरम झालेलं हब (चाकाचा मधला भाग, बेअरिंग यातच असतं) मिलन सबवे किंवा हिंदमातासारख्या साचलेल्या पाण्यात बुडतं, एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. आवाज मात्र लगेच येत नाही, बऱ्याच दिवसांनी सुरू होतो, तोवर आपण ते पाणी विसरलेलो असतो. जुनं बेअरिंग उघडून बघितलं की ग्रीस दुधाळ नाहीतर गंजाच्या रंगाचं दिसतं आणि रेसवर (गोळ्या ज्यांच्यामध्ये फिरतात त्या आतल्या-बाहेरच्या कड्यांवर) बारीक टवके उडालेले असतात. उरलेलं काम खड्डे करतात.

बदलायचं कसं ते गाडीवर आहे. काहींना मागे बोल्टवर बसणारं अख्खं हब युनिट असतं, ते घरी करण्यासारखं आहे. काहींत बेअरिंग ड्रममध्ये दाबून बसवलेलं असतं, तिथे प्रेस (दाब देणारं मशीन) लागतो. बोलेरो, इनोव्हा क्रिस्टासारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा एक्सलच वेगळा, ते काम मिस्त्रीकडेच द्या.

मधला मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करा, पण आधी त्याची ठोकून वाकवलेली कड छिन्नीने सरळ करा. ड्रम निघत नसेल तर हँडब्रेक सुटलाय का बघा, मग ॲडजस्टर (लायनर ड्रमच्या जवळ-लांब करणारा स्क्रू) मागे घ्या, बऱ्याच ड्रमना दोन आट्यांची भोकं असतात, त्यात बोल्ट आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर येतो. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) असेल तर बेअरिंगची कुठली बाजू सेन्सरकडे होती ते बघून ठेवा, उलटं बसलं की डॅशबोर्डवर लाइट पेटते आणि सगळं परत खोलावं लागतं.

जुन्यावरचा नंबर घेऊन पार्ट आणा. कुर्ला, ऑपेरा हाउसला मिळून जाईल, पण डुप्लिकेट माल भरपूर आहे, बिल देणाऱ्याकडूनच घ्या. ड्रम लेथवाल्याकडे नेऊन प्रेस करून घ्या आणि स्वतः तिथे उभे राहा. हबमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर, स्पिंडलवर (गाडीकडच्या दांड्यावर) चढवताना फक्त आतल्या. उलटं झालं की सगळा दाब गोळ्यांवर येतो आणि नवीन बेअरिंग बसवतानाच खराब होतं, मग महिन्याभरात तीच घूं घूं. हातोड्याने ठोकणाऱ्याला तिथेच थांबवा.

नट नवीनच टाका आणि टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. अंदाजाने पाईप लावून नाही, बऱ्याच गाड्यांत तो 150 न्यूटन मीटरच्या वर असतो. कड परत वाकवा, ब्रेक ॲडजस्ट करा, पेडल दोनचारदा दाबून मगच गाडी हलवा. पहिल्या फेरीनंतर दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यभागाजवळ हात नेऊन बघा, एकच जास्त तापलेलं असेल तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग नीट बसलेलं नाही. दुसऱ्या बाजूचं बेअरिंग गप्प असेल तर राहू द्या, जोडीनेच बदलायला पाहिजे असा काही नियम नाही.