ऐतिहासिक कादंबरीवर गटाने सादरीकरण कसे करून घ्यावे

नुसत्या कथानकाने श्रोत्यांना काही पटत नाही; म्हणून रणजित देसाई यांची ‘स्वामी’ वाचून झाल्यावर चार मुलांच्या गटाला आधी एकच वादाचे विधान निवडू द्यावे, उदाहरणार्थ, १७६८ मधील धोडपच्या लढाईनंतर थोरल्या माधवरावांनी राघोबादादांना शनिवारवाड्यात कैदेत ठेवले, ते योग्यच होते. एकाने कादंबरीतील प्रसंग मांडावा, दुसऱ्याने तो इतिहासग्रंथांतील नोंदींशी ताडून दाखवावा, तिसऱ्याने काकांविषयीच्या आदराचा विरुद्ध मुद्दा पुढे आणावा आणि चौथ्याने त्याला उत्तर द्यावे. लेखकाने कल्पिलेले संवाद हा पुरावा नव्हे, हे मुलांना सावकाश, उदाहरणांसह समजवावे. माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यायला हवा. पाठांतराऐवजी मुद्द्यांच्या चिठ्ठ्या वापरून दोनदा तालीम घ्यावी.